व्हिएन्नातले साध्या कपड्यांतले पोलीस

मला वाचवलं ते व्हिएन्नाच्या एका मेट्रो स्टेशनात, संडासाच्या दाराशी बसणाऱ्या बाईनं. हे आधीच सांगून टाकतो. कारण गावात ही गोष्ट निघाली की लोक चोरांचंच विचारतात, कसे होते, किती होते, आणि बाई शेवटी राहून जाते. पन्नाशीची असेल. अंगात निळा झगा, हातात रबरी मोजे. गुडघे दुखत असावेत, उठताना भिंत धरायची. तीही त्या देशातली नव्हती, असं बहिणीनं नंतर तिच्या बोलण्यावरून सांगितलं.

मी आठवी नापास. त्यानंतर शाळेत पाय ठेवला नाही. कोहमाऱ्याहून देवरीकडे पिकअप चालवतो. धान, सिमेंट, मिळेल ते भाडं. धाकटी बहीण मात्र शिकली, नर्स झाली आणि आता तिकडच्या दवाखान्यात आहे. तिनंच मला बारा दिवस फिरायला बोलावलं होतं. व्हिसासाठी तिनं हमीपत्र लिहून दिलं होतं की भाऊ ठरल्या तारखेला परत जाईल, त्याची जबाबदारी माझी. तिचा स्वतःचा तिथं राहायचा परवानाही त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. कागदांतलं मला फार कळत नाही, पण एवढं पक्कं कळलं होतं, की मी वेळेवर परतलो नाही तर भोगायचं तिला आहे.

रोज ड्युटीवर जाताना ती बजावायची. पासपोर्ट घरी ठेव, झेरॉक्स घेऊन जा, रस्त्यात कोणी अडवलं तर थांबू नको. मी हो म्हणायचो, आणि ती गेली की ओरिजिनल पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात टाकायचो. आमच्या रस्त्यावर झेरॉक्स दाखवली तर काय ऐकावं लागतं, ते मला माहीत. देवरीच्या पुढे जंगलात गाडी अडवणारे कधी वर्दीत असतात, कधी साध्या कपड्यांत. तुम्ही कोण, असं विचारायचं नसतं. खिडकीतून सगळे कागद द्यायचे, मान खाली ठेवायची, परत मिळाले की गियर टाकायचा. वीस वर्षं हेच केलं.

परतायला दोन दिवस उरले होते. सकाळी अकराच्या सुमारास मोठ्या चर्चच्या मागच्या गल्लीत एक माणूस हातात नकाशा घेऊन जवळ आला. त्याला रस्ता विचारायचा होता. मी मान हलवून नाही म्हणतो तोवर आणखी दोघे येऊन उभे राहिले. साधे कपडे. एकानं खिशातून कार्ड काढलं, दाखवलं, मिटलं. पोलीस, पासपोर्ट, एवढे दोनच शब्द मला कळले. नकाशावाल्यानं मुकाट्यानं आपलं पाकीट दिलं, त्यांनी उघडून पाहिलं आणि परत केलं. मग मीही गळ्यातलं पाकीट काढून दोन्ही हातांनी दिलं. मान खाली घातली. इथंच थांब, अशी खूण करून ते कोपऱ्यावरून वळले.

मी थांबलो. अर्धा तास तरी उभा होतो. नकाशावाला कधी निघून गेला तेही कळलं नाही. हलायची हिंमत होईना. साहेब परत आले आणि आपण जागेवर नसलो तर?

ते येणार नाहीत हे कळलं तेव्हा कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं, तिकडे कोणी नव्हतं. तेवढ्यात समोरून वर्दीतले दोन पोलीस आले. माझा चेहरा पाहून एक जण काही विचारायला माझ्याकडे वळला, आणि मी पळालो. जवळ कागद नाही, आता हे आत टाकणार, दुसरं काही सुचेना. मेट्रोच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. तिथं संडासाला नाणं टाकल्याशिवाय दार उघडत नाही. माझ्याकडे नाणं नव्हतं. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. मी आत जाऊन कडी लावून घेतली.

फोन वाजत होता. बहिणीचा. सात वेळा वाजला, मी उचलला नाही. काय सांगणार होतो? तिनं माझ्या भरवशावर सही केली आणि मी स्वतःच्या हातानं पासपोर्ट देऊन आलो. या शहरात कुठंतरी नाहीसं व्हावं, म्हणजे तिला माझं तोंड पाहावं लागणार नाही, असं वाटायला लागलं. मी नाहीसा झालो तर तेच हमीपत्र आधी मोडेल, हे डोक्यात आलंच नाही. भिंतीला डोकं टेकून रडत होतो.

बाईनं आधी बोटानं टकटक केली, मग फरशी पुसायच्या दांड्यानं. मी नुसतं सॉरी सॉरी म्हणत राहिलो. फोन पुन्हा वाजला. दाराखालच्या फटीतून तिचा हात आत आला, मोजा काढलेला, तळवा वर. आणि मी त्याच दिवशी दुसऱ्यांदा आपली वस्तू अनोळखी हातात दिली.

ती फोनवर तिथल्या भाषेत बराच वेळ बोलली. मग फोन स्पीकरवर करून दाराशी धरला.

"काऊन गा दादा, आतमंदी काय करून राहिला तू?"

"पासपोर्ट गेला. पोलिसांनी नेला."

वर्दीत होते का, असं बहिणीनं विचारलं; मी नाही म्हणालो. मग म्हणाली, "ते पोलीस नव्हते दादा. आता खऱ्या पोलिसांकडे जा लागते. त्यांचा कागद भेटला तरच आपल्या एम्बसीत दुसरा कागद भेटते."

"मी नाही जात. मले आत टाकतीन. तुझं हमीपत्र..."

"तू जाशील तर ते हमीपत्र वाचते. पहिले बाहेर ये. बाई म्हणून राहिली, तीन जण रांगेत उभे आहेत."

मी कडी काढली. खरंच तिघे उभे होते.

बहिणीला वॉर्ड सोडता येत नव्हता, अजून दोन तास लागणार होते. पोलिसांची खोली त्याच स्टेशनात वर होती. बाईनं दाराला बंदची पाटी लावली आणि माझा कोपर धरला. अर्ध्या पायऱ्यांवर माझे पाय थांबले. तिनं ओढलं नाही. तीही त्याच पायरीवर उभी राहिली, एका हातानं कठडा धरून, आणि मी पाऊल उचलल्यावरच चढली. वर बहीण येईपर्यंत ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून होती. तिचा फोन दोनदा वाजला. नाव पाहून तिनं तो खिशात टाकला.

तक्रारीचा कागद मिळाला. त्यावर दुसऱ्या दिवशी एम्बसीनं एका प्रवासापुरता कागद दिला, आणि मी ठरल्या तारखेलाच विमानात बसलो. बहिणीचा परवाना नवा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी तिरोड्यात गाडी खाली करत होतो. पोती तशीच सोडून बाजूला जाऊन बसलो.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही त्या स्टेशनात गेलो होतो. दाराशी दुसराच माणूस होता. बाईनं दोन तास जागा सोडली म्हणून तिला दुसऱ्या स्टेशनात पाठवलं, असं त्यानं सांगितलं. कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं. तिला धन्यवादही म्हणता आलं नाही. बहीण अजून येता-जाता स्टेशनं पाहत असते.

बाई, नवा पासपोर्ट करायला टाकला आहे. तुमचा पत्ता लागला की मी येईन. एक दिवस तुमची पूर्ण ड्युटी मी करीन, सकाळपासून शेवटपर्यंत, आणि तुम्ही घरी पाय पसरून बसा. फरशी पुसता येते मला, संडासही चांगले धुता येतात.