डोंबिवलीत कुठलं ग्राफिक्स कार्ड जास्त चालतं?

मंडळी, सायबर कॅफेतून घाईत लिहितोय.

आज ठाण्याला गेलेलो, गेमसाठीची ग्राफिक्स कार्डं बघायला. दुकानदार काका खुशीत होते. "तुमच्या डोंबिवलीत हीच कंपनी जोरात आहे रे. तुझ्या बिल्डिंगमधल्या चौघांनी आपल्याकडे हेच कार्ड आहे म्हणून सांगितलं, म्हणून मी तेच भरलं."

मी म्हटलं, "काका, चौघांत मिळून एकच कार्ड आहे. वर्गणी काढून घेतलंय. दर रविवारी चकलीच्या डब्यातून पुढच्या घरी जातं."

"मग बाकीचे तिघं काय करतात?"

"त्याच घरी जाऊन बसतात."

काकांनी मागच्या खोक्यांच्या थप्पीकडे पाहिलं. "तू तरी एक घे."

मी नुसता भाव विचारून निघालो. येत्या रविवारपासून त्यांच्यात मी पाचवा आहे.

खरं सांगा, तुमचं कार्ड आज कोणाच्या घरी आहे?