तात्यांचे उधार नमस्कार

आपला पाय कुणाला लागू नये म्हणून आमच्या समोरच्या तात्यांनी जेवढी काळजी घेतली, तेवढी उभ्या नगर जिल्ह्यात कुणी घेतली नसेल. आणि नेमका त्यांचाच पाय सन सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास रोज सकाळी माझ्या मांडीवर असे.

तात्या माझ्या सासुरवाडीचे, घोडेगावचे. नात्याने कुणी नव्हेत, पण गावचा जावई म्हणून मला ‘पाव्हणं’ म्हणत. हयात बैलांची दलाली करण्यात गेली. एका बैलाच्या लाथेने पाय मोडला, प्लास्टरमध्ये पडून असताना शिरेत रक्ताची गुठळी झाली. हाड जुळले, सूज राहिली. घोट्याच्या वर कातडी काळी पडली आणि तिथे रुपयाएवढी जखम झाली, ती भरेना. “बैलाचा पाय असा असता तर मी त्याला बाजारात उभा राहू दिला नसता,” असे ते म्हणत. घर सोडून भिंगारला आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहत. घरात कोणी काही बोलले का, असे मी एकदा विचारले. “कोनी काय बोललं न्हाई. लई वास येत हुता, तरी बोललं न्हाई. म्हनून तर आलो.”

डॉक्टरांनी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायला सांगितले होते. तात्यांनी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. पण उंच केलेला पाय कुणाकडे तरी होणारच. एका भिंतीवर खंडोबाचा फोटो, समोर दार, दारातून दिसणारे आमचे म्हणजे जावयाचे घर. मग कोणी आले की तात्या उठत, विटा काढत, खाट फिरवत, विटा परत लावत. दूधवाल्यासाठीसुद्धा. या आरामापायी पाय दिवसभर खालीच असे. “तात्या, आमच्याकडं पाय केला तर आम्ही काय वाळून जाणार नाही,” माझी बायको म्हणाली. तरी त्यांनी खाट फिरवलीच.

सूज दाबून ठेवणारी पट्टी एकट्याला नीट बांधता येत नाही. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, ताण बेताचा. आणि तीही सकाळी पाय खाली टेकण्याआधी. कचेरीला जाण्यापूर्वी ते काम मी घेतले. अशी मापात करायची कामे मला आवडतात. पण जावयाच्या मांडीला पाय लागला, की तात्या वाकून माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार करत. दर वेढ्याला. वाकले की पाय हले, पट्टी सैल होई, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“तात्या, नमस्कार उधार ठेवा. शेवटी एकदम द्या.”

“जावयाची उधारी? बरं दिसतं का?” म्हणाले, पण बैलबाजारातल्या रीतीने उपरण्याखाली माझी बोटे दाबून त्यांनी सौदा पक्का केला.

जखम रुपयाची आठाणे झाली, आठाण्याची चाराणे, आणि एक दिवस मिटली. डॉक्टर म्हणाले, शीर काही सुधारणार नाही, पट्टी जन्मभर. तात्यांना वाईट वाटेल असे मला वाटले. त्यांचा चेहरा मात्र उजळला. “जन्मभर? मग मी हितंच ऱ्हातो. घरी कोन बांधनार?”

मुलगा न्यायला आला, त्यालाही त्यांनी हेच ऐकवले. तो म्हणाला, “मी बांधीन.”

“तुला बैलाची येसन धड बांधता येत न्हाई.”

मुलगा खाली बसला आणि बापाचा पाय मांडीवर घेतला. मी वेढे दाखवत गेलो. जुन्या सवयीने तात्यांचा हात नमस्काराला पुढे गेला. हा जावई नव्हे, लेक, हे मध्येच ध्यानात आले. हात थांबला, मग मुलाच्या डोक्यावर गेला आणि पट्टी संपेपर्यंत तिथेच राहिला. एकही वेढा सैल पडला नाही.

निघताना दारात त्यांनी मला गाठले. मी नको म्हणेपर्यंत वाकून त्यांनी माझ्या दोन्ही पायांना हात लावला. “भागलं का?” मी म्हणालो, भागलं.

आता सकाळी कचेरीपूर्वी माझ्याकडे थोडा वेळ उरतो. समोरची खोली अजून कुणी घेतलेली नाही. दारातून खाट दिसते, खाली विटा तशाच, आणि पायथा आमच्या घराकडून दुसरीकडे फिरवलेला.