पायी चालणाऱ्यांची मोजणी

वणीकडे जाणारे कोळशाचे ट्रक बंजाऱ्यांच्या तांड्याला घासूनच जातात. एका अंगाला खाणीच्या मातीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला नाला आणि मधून हा एकच रस्ता. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्याच्या पलीकडच्या टोकाला. रुपीबाई लग्न होऊन आली तेव्हा बाया इथून गात जायच्या, घागऱ्यांवरच्या आरशांत ऊन नाचायचं. काय ती शोभा! आता पाय टाकण्याआधी माणूस मागे वळून बघतो.

दिवाळीनंतर तिची नात राखी सायकलसकट नाल्यात पडली. ट्रकने धक्का दिला नव्हता, नुसता वारा दिला होता. राखीच्या बापाने, प्रेमने, सायकल ओसरीच्या खांबाला साखळीने जखडली. वाट होईस्तोवर शाळा बंद, नाही झाली तर उन्हाळ्यात सोयरीक, असं त्याने आपल्या आईला, रुपीबाईला, सांगून टाकलं.

रुपीबाई तांड्याची सरपंच. पायवाट आणि सायकलवाट करायला सरकारचं अनुदान मिळतं हे कळल्यावर तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी एवढंच पदरात पडलं की आधी मोजणी होईल. किती लोक पायी आणि सायकलने जातात, त्यावर ठरेल. ती घरोघर फिरली आणि बुधवारी सकाळी सारे रस्त्यावर दिसले पाहिजेत, असं बजावून आली. पायी दिसले पाहिजेत, एवढं मात्र म्हणायचं राहिलं.

बुधवारी मोजणीचे वामनराव बाभळीखाली खुर्ची टाकून बसले आणि तांडा रस्त्यावर आला. असा प्रवेश राजालाही मिळाला नसेल! सर्वांत पुढे उसन्या आणलेल्या जीपमध्ये कडक फेटा बांधून तांड्याचा मुखिया, नाईक भीमसिंग. मागे मोटारसायकली, एकेकीवर तिघे. म्हातारी सोनीबाईसुद्धा ट्रॅक्टरवर. साहेबापुढे तांड्याने अनवाणी फिरून अब्रू घालवायची नाही, असं नाइकाने सगळ्यांना सांगितलं होतं.

वामनरावांचा कागद कोरा.

रुपीबाई जीपकडे धावली. नाईक तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि पदराआडूनच म्हणाली, "नाईक, खाली उतरा. पायी चाला."

भीमसिंग हसला. "सरपंच झाली तं मले पायी चालवतं काय?" एक ट्रक धडधडत गेला, फेट्यावर काळी धूळ बसली. तो हळू आवाजात म्हणाला, "अन् या रस्त्यानं चालते कोण, रुपी? तूच सांग."

चालता येत नाही म्हणून वाट हवी होती, आणि वाट मिळायला चालून दाखवायचं होतं.

तेवढ्यात राखी आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, हातात सायकल. बापाच्या सदऱ्यातून कुलपाची किल्ली काढली असावी.

"दादी, मी जाऊ काय? मले तरी मोजतीन."

वामनरावांनी पेनाचं टोपण काढलं. वळणावर हॉर्न वाजला. रुपीबाईने सायकलचं हँडल धरलं, सोडलं, पुन्हा घट्ट धरलं.

"घरी जा," ती म्हणाली.

पोरगी वळली. रुपीबाई वामनरावांना म्हणाली, "लिहा साहेब, हे पोरगी येनार होती."

वामनराव भला माणूस. कागद उलटापालटा करून बघितला. "बाई, न आलेल्यांचा रकाना नाही ना यात."

मग रुपीबाईने पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेने चालू लागली. मागे ट्रक गुरगुरला. तिने वळून पाहिलं नाही. वामनरावांनी एक रेघ ओढली. ती शाळेपर्यंत जाऊन परत आली तेव्हा ते म्हणाले, तुमची नोंद झाली आहे.

"मंग मी परत चालून राह्यली ना."

त्यांनी दुसरी रेघ ओढली. जीपमधून कोणी उतरलं नाही.

तांड्याच्या तोंडाशी तिला आपली ओसरी दिसली. प्रेम खांबाशी वाकून साखळीला कुलूप घालत होता. त्याने मान वर केली नाही. रुपीबाई क्षणभर थांबली आणि पुन्हा रस्त्याकडे वळली.