समोरच्याच्या खुर्चीत बसून

सुदाम ओव्हाळ सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होते. गुरुवार होता. गुरुवारी सकाळी लोणावळ्याहून लोकल धरायची, वडगावला उतरायचं आणि सरांच्या घरी जाऊन दुपारपर्यंत वाद घालायचा, हा आम्हा दोघांच्या निवृत्तीनंतरचा नेम. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या बंगल्याचं फाटकही दिसत नव्हतं, आणि मी चप्पल पायात सरकवता सरकवता आज त्यांना नेमकं कुठे पकडायचं ते जुळवत होते. फोनवर सरांच्या पत्नी, लता वहिनी होत्या. "बाई, आज येऊ नगा," असं म्हणून त्या थांबल्या... मग म्हणाल्या, "न्हाई, या. या तुमी. पन सर न्हाईत आता. पहाटं गेलं." मी चप्पल काढली आणि पुन्हा घातली. गाडीत बसल्यावरही ते जुळवलेलं वाक्य डोक्यातून जाईना. माणूस गेला आणि आपण अजून त्याचं खंडन करतोय, याचा मला स्वतःचाच राग येत होता.

आता दीड महिना उलटला. सरांवर लिहा असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मी तर्कशास्त्र शिकवलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतलं पाणी काढून टाकण्याचं काम केलं, त्यामुळे गहिवरून लिहिणं मला जमत नाही. पण ज्या माणसानं गावाकडच्या घरात बसून चीनमधला अडीच हजार वर्षांपूर्वीचा विचार आणि पाश्चात्त्यांचं आजचं विश्लेषक तत्त्वज्ञान यांची समोरासमोर गाठ घालून दिली, त्याच्याबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी?

आमची ओळख पेपर तपासताना झाली, म्हणजे भांडणातच झाली. एका मुलानं उत्तर लिहिण्याऐवजी प्रश्नच कसा चुकीचा आहे ते दोन पानं भरून लिहिलं होतं. मी एक घाव दोन तुकडे करून भोपळा दिला होता. सर मॉडरेटर होते. ते पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, याचं म्हणणं काय आहे ते आधी मला सांगा, मग खुशाल भोपळा द्या." मी सांगितलं. "नाही, हे तुमचं झालं, त्याचं नाही." मी चिडून पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. अखेर कधीतरी त्यांनी मान डोलावली आणि एवढ्या शुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एकदम गावाकडचा शब्द आला, "व्हय. आता द्या भोपळा." त्यानंतर मात्र माझ्याच्यानं तो देववेना.

पुढे त्यांच्या घरी जाणं सुरू झालं तेव्हा याच गोष्टीचा नियम झाला. ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. एक सरांची, वेताची, पाठ सैल झालेली. दुसरी माझी, लोखंडी घडीची, त्यांच्या मुलीच्या लग्नात आलेली आणि परत न्यायची राहून गेलेली, तिच्या पाठीवर अजून त्या मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं आहे. नियम असा, की समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. तो ‘व्हय’ म्हणाला, तरच उठून आपल्या जागेवर यायचं आणि मग काय ते खंडन. नाही म्हणाला तर बसा तिथेच. माझी एक-दोनदा परतीची गाडी चुकली आहे ती यापायी.

सर मूळचे आंबीचे. वडील रेल्वेत, घाटातल्या रुळांवर कामाला. छप्पनच्या धर्मांतरानंतर त्या माणसानं घरातले देव टोपलीत भरून स्वतः इंद्रायणीत सोडले होते, आणि त्याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता. सर पुण्याला शिकायला गेले आणि विश्लेषक तत्त्वज्ञानाच्या प्रेमातच पडले. ते म्हणायचे, "तिथं वाक्य खरं की खोटं एवढंच बघतात. बोलणारा कोणाचा कोण, हे विचारत नाहीत. मला तर घरी आल्यासारखं वाटलं." मग असा माणूस चीनकडे कसा वळला? तर वडील गेले तेव्हा. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, बाकी काही करायचं नाही असं सरांनी बजावून ठेवलं होतं. पण रोज संध्याकाळी आई दाराशी पाण्याचा तांब्या ठेवायची, जसा नवरा कामावरून आल्यावर हातपाय धुवायला ठेवत होती तसाच. सरांनी तिला फैलावर घेतलं. आबा येतात असं तुला वाटतं का, म्हणाले. तर ती म्हणाली, "मेलेलं मानूस कुटं येतंय? मला काय कळत न्हाई व्हय? पन पानी ठिवायला काय झालं?"

या उत्तरानं सरांची झोप उडाली. आमच्या शास्त्राप्रमाणे दोनच वाटा होत्या. एक तर बाईची समजूत खोटी आहे, नाहीतर ती नाटक करतेय. आणि आई दोन्हीपैकी काहीच करत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. मेलेल्यांशी ते समोर असल्यासारखं वागावं, ते आहेत की नाहीत याचा कीस काढत बसू नये, असं जुन्या चिनी विचारवंतांचं म्हणणं त्यांच्या वाचनात आलं ते त्याच सुमारास. ‘माझ्या आईला न हसणारी माणसं मला तिथं भेटली,’ असं ते सांगायचे. मग त्यांनी चिनी लिपी एकट्यानं, पुस्तकांवरून, वर्षानुवर्षं घोटली. मी चेष्टा करायची, मावळात बसून चीनच्या शेळ्या हाकताय म्हणून. मध्यंतरी आंबीकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला चिनी माणसं आली, तर सर नवा शर्ट घालून त्यांना भेटायला गेले. सरांचे उच्चार त्यांच्यातल्या कोणाला कळेनात. शेवटी कागदावर लिहून दिलं. त्यातल्या एका तरुण इंजिनिअरनं ते वाचलं, मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, की आजोबा, तुम्ही आमच्या पणजोबांच्याही पणजोबांसारखं लिहिता. सर तो किस्सा सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. पण कारखान्यात पुन्हा कधी गेले नाहीत.

नावांवरून आमचं वर्षभर चाललं होतं. माझं म्हणणं, नाव म्हणजे वस्तूकडे दाखवलेलं बोट, त्याला स्वतःचं वजन नसतं. चिन्यांचं म्हणणं वेगळं. नाव लावलं की त्याचा भार उचलावा लागतो, बाप म्हणवून घ्यायचं तर बापासारखं वागावं लागतं, आणि नावं चुकली की राज्यही बिघडतं. मी म्हटलं, हे नीतिशास्त्र झालं, अर्थशास्त्र नाही, म्हणजे शब्दांच्या अर्थाचं शास्त्र. सर बराच वेळ वेताच्या खुर्चीचा सुटलेला पट्टा बोटानं आत सारत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आजोबांना गावानं जे नाव दिलं होतं ना बाई, ते नुसतं बोट दाखवत नव्हतं. ते मानेवर बसत होतं." मी त्या दिवशी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि पहिल्याच झटक्यात ‘व्हय’ मिळवलं. आनंद मात्र अजिबात झाला नाही.

आणि म्हणूनच मला त्यांचं रीतीवरचं प्रेम कळत नसे. चिन्यांचं सगळं रीतीभोवती, कोणी कुठे बसायचं, कोणी कोणापुढे वाकायचं. मी एकदा बोलून गेले, "सर, रीतीनं तुमच्या माणसांना कुठे बसवलं होतं ते तुम्हाला मी सांगायला हवं का?" वहिनी आत भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. सर रागावले नाहीत. "रीत मोडायची कशी ते वडिलांकडून शिकलो," ते म्हणाले. "त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडतो. पण मोडून झाल्यावर मोकळ्या जागेत काय ठेवायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आईनं तांब्या ठेवला."

शेवटच्या गुरुवारी त्यांना धाप लागत होती. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं, म्हणजे मासळीला पोहू नको म्हणण्यापैकी. विषय तोच, तांब्याचा. आधी ते माझ्या लोखंडी खुर्चीत बसले आणि माझी बाजू त्यांनी अशी चोख मांडली की मलाच ती नव्यानं पटली. मग मी वेताच्या खुर्चीत बसून त्यांची मांडली. म्हटलं, मेलेला माणूस नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी आहे असं धरून वागतो, कारण त्यानं मागे राहिलेल्यांचं मन शांत होतं. सर हसले. "न्हाई. शांत कुठलं होतंय? आई तांब्या ठेवून दर वेळी रडायची. हे तुमचंच आहे बाई, माझा सदरा घालून आलंय." मी म्हटलं, मग काय आहे ते सांगा की. तर म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं. नियम आहे. जवळ आलाय, पण अजून न्हाई. पुढच्या गुरुवारी." मला त्यांचा हट्ट माहीत होता. मी उठले. ‘व्हय’ न मिळवता त्या खुर्चीतून उठण्याची तेवढी एकच वेळ, त्यांचा दम बघून मीच आटोपतं घेतलं होतं.

मागच्या गुरुवारी मी पुन्हा वडगावला गेले. वहिनींना भेटायला, असं स्वतःला सांगून. त्या मुलीकडे चाकणला राहायला जाणार आहेत, घर बंद करायचं चाललंय. ओसरीवरचं बहुतेक सामान हललं होतं, दोन्ही खुर्च्या मात्र होत्या तशा समोरासमोर. वहिनी म्हणाल्या, "ह्या काय करू ते कळंना. बसा तुमी, च्या टाकते." आणि मी माझ्या नेहमीच्या जागेवर न बसता वेताच्या खुर्चीत बसले. पाठ इतकी सैल आहे तिची, की माणूस आपोआप मागे जातो.

समोर मंडपवाल्याची रिकामी खुर्ची होती. तिच्याकडे बघून मी बोलायला लागले. हळू, पण तोंडानं. म्हटलं, सर, ही समजूत नाही आणि नाटकही नाही. मनाला बरं वाटावं म्हणूनही नाही, काही बरं वाटत नाही, उलट जीव तुटतो. तुमचं म्हणणं असं आहे, की नातं दोन बाजूंचं असतं. एक गेला, त्याची बाजू संपली. ती परत येणार नाही, याबद्दल शंका नाही. पण दुसऱ्याची बाजू तेवढ्यानं संपत नाही, त्याला ती पुढे करावीच लागते, आणि ती करायला काहीतरी ठरलेलं लागतं हातात, एक तांब्या, एक जागा, एक वेळ. नाहीतर माणूस ती बाजू कुठे ठेवणार?

एवढं बोलून मी थांबले. मला वाटतं, या वेळी बरोबर होतं.

नियमाप्रमाणे आता उठता येत नव्हतं. मी बसून राहिले. वहिनींनी चहा आणून दिला, तो पिऊन झाला. ऊन ओसरीवरून उतरलं. परतीची गाडी गेल्याचा आवाज आला. मी आयुष्यभर तर्क शिकवलेली बाई, समोरच्या खुर्चीत कोणी नाही हे मला दिसत होतं, आणि तरी मी वाट बघत होते. वहिनी दाराशी येऊन म्हणाल्या, "बाई, गाडी गेली की तुमची. दिवा लावू का? का थांबलाय?"

मी म्हटलं, "सर अजून व्हय म्हणाले नाहीत."

वहिनींनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग पदर सावरून उंबऱ्यावर टेकल्या. "बसा की मग," म्हणाल्या. "बसायला काय झालं?"