सांभाळ करणारी

यवतमाळच्या दवाखान्यात नागोरावांना भरती करायचं होतं. सही करायला पुढे झालेल्या कौसल्येला नर्सनं विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?” बायको म्हणावं, तर तिच्या आधार कार्डावर दुसऱ्याच माणसाचं नाव. शेवटी नागोरावांचा मुलगा धम्मरत्न नागपूरहून येईपर्यंत सही खोळंबली, आणि ती बाहेरच्या बाकावर चडफडत बसून राहिली.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये नागोराव फिटर होते, कौसल्या तिथं कापूस लोटायला जायची. तिचा नवरा दुसरी बाई घेऊन तेलंगणात निघून गेलेला. त्यानं ना नांदवलं, ना फारकत दिली. नागोरावांची बायको पुष्पा काविळीनं गेलेली. कौसल्या आपल्या पोरीला, पायलला घेऊन त्यांच्या घरी राहायला आली, तेव्हा धम्मरत्न आठवीत होता. तिनं त्याचे डबे केले, त्याच्या तापात उशाशी बसली. तो तिला मावशी म्हणायचा. घर तेव्हा दोन खोल्यांचं, टिनाचं होतं. पुढे स्लॅब टाकला तो दोघांच्या मजुरीतून, आणि त्याच्यावर पाणी मारायला भर उन्हात तीच चढायची. पण प्लॉट पुष्पाच्या नावावर होता, तो तिच्याच नावावर राहिला. “करतो ना तुह्या नावावर,” नागोराव दरवर्षी म्हणायचे, “घाई कायची हाये?”

दवाखान्यातून घरी आल्यावर मात्र कौसल्येनं विषय सोडला नाही.

“फिटर, आता तरी करा. उद्या तुमाले काही झालं तं मी कोनाच्या दारात उभी राहू?”

“मले मारून राह्यली काय तू?”

“मारून नाई राह्यली. विचारून राह्यली.”

तहसीलसमोर बसणाऱ्या दस्तलेखकानं सगळं नीट समजावलं. पुष्पाबाईंचे वारस दोघं, नवरा आणि मुलगा. नागोरावांना आपल्या अर्ध्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येईल. उरलेल्या अर्ध्यासाठी मुलानं हक्क सोडायला हवा.

धम्मरत्न फोनवर गोडच बोलला. “मावशी, घर तुझंच आहे ना. कोण काढून राहिलं तुला?” सहीचं काढलं की दिवाळीत येतो म्हणायचा. दिवाळी गेली. मग सुटी मिळत नव्हती, मग लेकराची परीक्षा होती. नाही म्हणाला असता, तर भांडता तरी आलं असतं. ह्या गोड बोलण्याचं काय करावं, तेच कौसल्येला कळत नव्हतं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला तो आला. जेवताना तिनंच तोंड उघडलं, आणि ह्या वेळी त्यानं ताट बाजूला सारलं.

“तू आहेस तोवर राहा, मावशी. तसं लिहून देतो. पण मालकी नको मागू. उद्या पायलचा नवरा हिस्सा मागायला उभा राहील. आणि माझ्या आईचं नाव दुसरं कुठं उरलंय, सांग?”

पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून तिला जास्तच संताप आला.

“अन् माह्यं नाव कुठी हाये?”

धम्मरत्न हात धुवायला उठला. नागोराव भात कालवत राहिले.

शेवटी मृत्युपत्र झालं ते फक्त नागोरावांच्या अर्ध्याचं. दस्तलेखकानं मजकूर वाचून दाखवला: ‘माझ्यासोबत राहणारी व माझा सांभाळ करणारी कौसल्या.’

“सांभाळ करणारी? मी पगारी बाई हाओ काय?”

“पत्नी लिहिलं, तर कोर्टात पहिलं बोट तिथंच ठेवतील, बाई. तुमची फारकत झालेली नाही.”

तिनं नागोरावांकडे पाहिलं. ‘लिवा पत्नी’ एवढं त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं. लेखकानं नाही लिहिलं, तरी चाललं असतं. पण नागोराव अंगठ्याला लागलेली शाई पुसत होते.

पायलनं वणीहून फोनवर विचारलं, “अर्ध्यात काय येते वं आई, चूल का संडास?” कौसल्येनं फोन ठेवून दिला.

नागोरावांनी मुलाला कळवलं, तेव्हा तो फक्त “बरं” म्हणाला. त्यानंतर त्यानं बापाचा फोन उचलणंच बंद केलं. नागोराव ओट्यावर मोबाईल मांडीवर घेऊन बसायचे, दोन घासांवर ताट सारायचे. कागदावर अर्धं घर मिळालं, आणि त्यात हा झुरणारा माणूस. कौसल्येला दोन्हींचा राग यायचा. एका संध्याकाळी तिनं आपल्याच फोनवरून नंबर लावला.

“बोल, मावशी,” धम्मरत्ननं लगेच उचलला.

तिच्या जिभेवर खूप काही आलं होतं. स्लॅब, डबे, ताप, सगळंच.

“तुह्या बापाशी बोल,” ती म्हणाली. तिनं फोन नागोरावांच्या हातात कोंबला आणि नळ आला होता म्हणून पाण्याचा गुंड घेऊन मागच्या दारी गेली.