उजव्या हाताची उर्दू

लकवा गेला, पण जाताना माझं अक्षर घेऊन गेला. बोलणं परत आलं, पाय जरा ओढत का होईना चालू लागला, चमचा धरता येऊ लागला. अक्षर आलं नाही. आणि मला माझ्या अक्षराचा भारी गर्व होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. अमरावतीच्या एका शाळेत उभी हयात मराठी शिकवलं. फळ्यावरचा सुविचार माझा, प्रमाणपत्रांवरची नावं माझी, आणि गल्लीत कोणाचंही लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा आधी माझ्या घरी यायचा. बाईंच्या हातचं नाव पाकिटावर असलं की पाहुण्याला मान मिळाल्यासारखा वाटतो, असं लोक म्हणायचे. मी वरवर नाही नाही म्हणायचे आणि मनातून फुगायचे.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, रोज एक पान लिहा. लिहिलं नाही तर बोटं आखडतील." मी एक ओळ लिहिली. शिरोरेघ ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी मधेच खाली आली होती आणि अक्षरं तिला कशीबशी लटकली होती. मी वही मिटली ती मिटलीच. लेकीनं समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं. तिचं लग्न अकोल्याला ठरलं होतं. आपल्या पत्रिकांवर आईनं नावं लिहावीत ही तिची लहानपणापासूनची हौस. हौस माझीही होती, पण ते फरफटलेलं अक्षर पाहायची माझी तयारी नव्हती.

मागच्या गल्लीत आपा राहतात. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, माहेर अकोल्याचं, आणि बोलणं असं रोखठोक की पुण्याचा माणूस दोन पावलं मागे सरकावा. माझी तब्येत पाहायला आल्या, लेकीची तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मराठी नाई लिवत ना? नका लिवू. उर्दू लिवा. उर्दूत तुमची इज्जतच नाई, तं जाईन कुठून?"

कितीतरी दिवसांनी मी मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी त्या पहिलीचं उर्दूचं पुस्तक आणि दुरेघी वही घेऊन हजर.

माझा पहिला अलिफ वादळात सापडलेल्या खांबासारखा होता. आपा म्हणाल्या, "शाबास." थट्टा नव्हती त्यात. उभी रेघ उभी राहिली म्हणून मला या वयात शाबासकी मिळाली, आणि खरं सांगते, मला ती हवीच होती. उजवीकडून डावीकडे जायची माझ्या हाताला सवयच नव्हती. त्यामुळे त्या वाटेवर आपलं काही हरवलंय, असंही त्याला वाटत नव्हतं.

मग रोजच्या गोष्टी सुरू झाल्या. हे माझं घर आहे. बाजारात कांदे महाग आहेत. आज फार ऊन आहे. उर्दूत नपुंसकलिंगच नाही; मराठीच्या बाईला घर पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी म्हणताना जीव नकोसा व्हायचा. आपा म्हणायच्या, "आमच्याकडे दोघंच राहतात. तुमच्या तिसऱ्याले बडनेऱ्याहून गाडीत बसवून द्या." शब्द मात्र अर्धेअधिक ओळखीचे निघाले. कागद, कलम, दौत, शाई हे सगळे मुळात तिकडूनच आलेले. ज्या मराठी अक्षराचा मी तोरा मिरवला, त्याचं सगळं सामान शेजारच्या घरातलं होतं, आणि मी कधी विचारायलाही गेले नव्हते.

एकदा आपा माझं पान बघून खो खो हसायला लागल्या. "बाई, या बिचाऱ्यायच्या डोक्यावर टोप्या काहून घातल्या?" मी पाहिलं. 'आज फार ऊन आहे' या उर्दू वाक्यावर मी डावीकडून उजवीकडे चक्क शिरोरेघ ओढली होती. मला पत्ताच नव्हता. हाताला मात्र सगळं आठवत होतं. मी हसले नाही. चहा ठेवायच्या निमित्तानं उठून गेले.

पुढे माझा जीम, म्हणजे उर्दूतला गोल पोटाचा ज, बरा यायला लागला, आणि गंमत म्हणजे तेव्हापासूनच तो मला खुपायला लागला. एक पान मी फाडलं. आपा म्हणाल्या, "लाज वाटून राहिली? म्हणजे आता तुमाले येते."

पत्रिका छापून आल्या. लेक हळूच म्हणाली, "आई, मी नावांची लेबलं छापून आणते. सगळेच आणतात आता." तिचा आवाज इतका सांभाळून होता की मला रडू आलं. मी म्हटलं, आण.

एकच पत्रिका मी बाजूला ठेवली. तिच्यावर आपांचं नाव उर्दूत लिहिलं, तीन पाकिटं वाया घालवून, आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या घरी गेले. आपांनी नाव वाचलं, बोट फिरवलं, डोळे भरून आले त्यांचे. मग पाकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही झाली शिकवणी. आता माही पत्रिका द्या."

"हीच तर आहे."

"माह्या दोन्ही पोरीयच्या लग्नात तुमच्या हातची नावं होती. मराठी. तुमच्या पोरीच्या लग्नात मले उर्दूवर काहून भागवता?"

मला राग आला. "जमत नाही म्हणूनच तर उर्दूकडे आले ना मी!"

"ठाऊक हाये. म्हणून तं मागून राहिली." त्यांनी पाकीट उलटं करून कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

मी लिहिलं. रागातच लिहिलं. वेलांटी भरकटली, काना तिरका गेला, आणि पुन्हा लिहायला दुसरं पाकीट नव्हतं. आपांनी चष्मा लावून ते वाचलं. छान म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. एवढंच म्हणाल्या, "वाचता येते."

घरी लेक लेबलं चिकटवत बसली होती. मी तिच्याकडून विहीणबाईंची पत्रिका मागून घेतली. "आई, सगळ्यात आधी तीच?" ती घाबरून म्हणाली.

हो, तीच. अकोल्याच्या त्या बाईंनी माझं जुनं अक्षर कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी जे लिहीन, तेच माझं अक्षर असणार होतं.