चष्मा लावलेले राजे

शिरपूरच्या बसस्टँडजवळ माझं बांगड्यांचं दुकान आणि त्याला लागून रतनलालजींचं किराण्याचं. बायको, कंचनबाई, गेल्यापासून या माणसाला विज्ञानकथा लिहायचा नाद लागला. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर लिहीत बसतात आणि लिहून झालं की आधी मला ऐकवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारधर्म आहे, ऐकते.

यान कुठंही जावो, मंगळावर नाहीतर त्याच्याही पल्याड, त्यात सहावीचं इतिहासाचं पुस्तक असायचंच. कधी डुगडुगत्या यंत्राच्या पायाखाली, कधी परग्रहावरच्या बाईच्या उशाशी. आणि त्यातल्या प्रत्येक राजाला पेनानं चष्मा काढलेला.

"अंतराळात ते पुस्तक कायले नेता जी?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ज्याले ओळखाचं, तो ओळखन," ते म्हणाले.

तो म्हणजे पारस, त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात असतो. ते चष्मे त्यानंच काढलेले, सहावीत असताना. रतनलालजींनी तेव्हा त्याला बदडलं होतं आणि कंचनबाई पदराआड हसल्या होत्या. छापील अक्षर पुड्या बांधायला फाडायचं नाही हा त्या घराचा दंडक, म्हणून ते पुस्तक घरात टिकलं. दर ज्ञानपंचमीला, म्हणजे जैनांच्या पोथीपूजेच्या दिवशी, पाटावर पोथ्यांशेजारी त्याचीही पूजा होते. रतनलालजी प्रत्येक गोष्ट पारसला पाठवायचे आणि उत्तरात नुसता अंगठा यायचा. पोरगं वाचत नाही हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असेल, पण आशा फार वाईट.

यंदा ज्ञानपंचमीला पारस आला. शेजारीण म्हणून मलाही बोलावणं होतं. त्यानं पाटावरचं पुस्तक उचललं, चाळलं आणि हसला.

"बाबूजी, या राजायले चष्मे कोनं काढले?"

रतनलालजी त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या तर अगदी जिभेवर आलं होतं.

"असंल कोन्या पोट्ट्याचं काम," ते म्हणाले आणि त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन परत पाटावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पारस गेला. मला त्याचा फार राग आला, अजूनही आहे.

परवा त्यांनी नवी गोष्ट ऐकवली. यान होतं, ग्रह होता, यानात एकटा म्हातारा होता. पुस्तक नव्हतं. मी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्यासमोरच ती पारसला पाठवली, आणि लगेच अंगठा आला.